काडी तपासणी

पिंपळगावात, मार्केटच्या मागच्या गाळ्यात
मी डोळे चिरतो.
द्राक्षाच्या काडीचे. ओल्या गोणपाटात गुंडाळून आणतात लोक,
चिठ्ठीवर गट नंबर, थॉमसन की सोनाका.
ब्लेडने एकेक पापुद्रा काढत मी आत उतरतो
आणि सूक्ष्मदर्शकातून मान वर न करता सांगतो:
पाचव्यावर नाही. सहाव्यावर गोळीघड. सातवा धरा.

सप्टेंबर म्हणजे माझा सीझन.
या सप्टेंबरात दोन दिवस सुट्टी घेतली.
मालकाला सांगितलं, हर्निया.

गंगापूर रोडला डॉक्टर कुलथ्यांनी
खणातून लाकडी मण्यांची माळ काढली,
लहानापासून मोठ्यापर्यंत, प्रत्येकावर आकडा.
एका हाताने मला, एका हाताने माळ
चाचपत म्हणाले, उजवा आठ. डावा सात.
मला पॅकहाऊसमधली रिंग आठवली.
तिच्यातून पडलेला मणी लोकलला जातो.

मग रक्ताचे कागद.
एफएसएच बावीस पूर्णांक चार. जास्त आहे, म्हणाले,
पण इतकं असून सापडलेले आहेत,
आणि नॉर्मल असून न सापडलेलेही.
गालगुंड? झाले होते, तेराव्या वर्षी,
खाली सूज होती ते मी आईला सांगितलं नव्हतं.
गुणसूत्रं बरोबर.
पेन उघडलं, पुन्हा खिशाला लावलं.
चाळीस टक्के धरा. फार तर पंचेचाळीस.

हे 'धरा' माझ्या ओळखीचं आहे.
मीही असंच म्हणतो, कागदाकडे बघत.

स्कूटरवर, अशोकस्तंभाच्या सिग्नलला, हर्षदा मागून म्हणाली,
पस्तीसला पास असतं ना?

सात वर्षं सगळ्या सोनोग्राफ्या तिच्या,
नवस तिचे, मावश्यांचे टोमणे तिला.
वांझ हा शब्द काडीला आहे, बाईला आहे.
माझ्या रिपोर्टात नुसतं निल.
आणि आमचा अख्खा तालुका बिनबियांचा माल
चांगल्या भावाने परदेशी पाठवतो.
हे तिला अजून बोललो नाही,
हसू आलं असतं तिला, आणि मग ते थांबलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी मोगलअण्णांच्या प्लॉटला मी लिहिलं होतं,
घड नाहीत, सगळी बाळी.
घड जिरला की त्याची बाळी होते, असंच म्हणतो आम्ही.
घरी मी हा शब्द वापरत नाही.
फेब्रुवारीत अण्णा भरलेला क्रेट घेऊन आले,
टेबलावर ठेवला, चहा प्यायले, गेले.
ओझरच्या एका पोराला मी ऐंशी टक्के लिहून दिले होते.
त्याच्या बांधावर मी नंतर गेलो नाही.

डॉक्टर समजावत होते:
चिरून वीस-पंचवीस पट मोठं करून बघायचं,
आत नळ्यांचं जाळं, बहुतेक बारीक, पिवळट,
एखादी जाड, दुधाळ दिसली तर ती उचलायची.
पलीकडच्या खोलीत एक मुलगी बसलेली असते,
ती काचेवर शोधते. कधी दहा मिनिटं, कधी चार तास.
मी विचारलं, तिची मान दुखत नाही का?
डॉक्टर पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून हसले.

हिरवा गाऊन, मागची नाडी लागेना, हर्षदाने बांधली.
भूल देणाऱ्याने आकडे मोजायला सांगितले.
मी डोळे मोजत निघालो, बुडापासून वर,
एक, दोन, तीन फुसके,
चौथा,
पाचवा,
आणि त्या मुलीला सांगायचं राहिलंच
की दमलीस तर ऊठ, खिडकीशी जा,
चामरलेण्याच्या डोंगराकडे पाच मिनिटं बघ,
मग परत बस.
डोळा थकला की असलेलंही दिसत नाही.